घसादुखी, बालकांतील
घसा दुखणे हे एखाद्या स्वतंत्र रोगाचे नाव नसून अनेक रोगांचे समान लक्षण आहे. गिळताना होणारी वेदना, घशाची लाली, ताप आणि मानेतील लसीका ग्रंथींची सूज ही लक्षणे साध्या पडशात दिसतात, तशीच ती प्राणघातक घटसर्पाच्या प्रारंभीही दिसतात. बहुसंख्य बालकांची घसादुखी व्हायरसजन्य असते व काही दिवसांत आपोआप बरी होते. थोड्या बालकांत मात्र तिच्यामागे श्वासमार्ग बंद करणारा किंवा पुढे हृदयाला इजा करणारा रोग दडलेला असतो. हे थोडे रुग्ण वेळीच कसे ओळखावेत, या एका प्रश्नाभोवती बालकांतील घसादुखीच्या वैद्यकाचा इतिहास फिरत राहिला आहे. त्यात दोन परस्परविरुद्ध चुका वारंवार आढळतात : गंभीर रोग किरकोळ मानला जाणे आणि किरकोळ विकारावर गंभीर उपचार केले जाणे.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या वर्णनात कंठाच्या रोगांचा स्वतंत्र गट केलेला असून त्यात ‘रोहिणी’ या रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. गळ्यात मांसांकुर उत्पन्न होऊन कंठाचा अवरोध होतो व रोगी दगावतो, असे या रोगाचे स्वरूप दिले आहे. आधुनिक काळातील अनेक अभ्यासकांनी रोहिणीची तुलना घटसर्पाशी केली आहे. याच ग्रंथातील ‘गिलायू’ ही संज्ञा मराठी वैद्यकीय परिभाषेत घशाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथींसाठी, म्हणजे टॉन्सिलांसाठी, योजिली गेली. कॅपाडोशियाचे ग्रीक वैद्य ॲरिटीअस यांनी इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत गिलायूंवर पसरणाऱ्या व्रणांचे वर्णन केले. हा रोग मुलांना विशेषेकरून होतो आणि तो श्वासमार्गात उतरल्यास गुदमरून मृत्यू येतो, हे त्यांनी नमूद केले होते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून स्पेनमध्ये या रोगाच्या साथी येऊ लागल्या. गळा आवळून देहदंड देण्याच्या साधनावरून तेथील लोक त्याला ‘गारोतिलो’ म्हणत. इ. स. १६१३ हे वर्ष स्पेनच्या इतिहासात गारोतिलोचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. उत्तर अमेरिकेतील न्यू हँपशर वसाहतीतील किंग्स्टन या गावी १७३५ मध्ये सुरू झालेली घशाच्या रोगाची साथ पुढील काही वर्षांत न्यू इंग्लंडभर पसरली आणि अनेक कुटुंबांतील सर्व मुले तीत मृत्युमुखी पडली.

रोगांचे पृथक्करण : या काळात घशाच्या सर्व गंभीर विकारांची सरमिसळ होत असे. इंग्रज वैद्य टॉमस सिडनम (१६२४–८९) यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहितांग ज्वर हा गोवराहून वेगळा असल्याचे दाखविले. परंतु त्यांना तो सौम्य वाटला होता. लंडनचे वैद्य जॉन फॉदरगिल (१७१२–८०) यांनी १७४८ मध्ये व्रणयुक्त घसादुखीवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातील बरेचसे रुग्ण घटसर्पाचे नसून लोहितांग ज्वराचे असावेत, असे आज मानले जाते. एडिंबरोचे फ्रान्सिस होम यांनी १७६५ मध्ये मुलांच्या स्वरयंत्राच्या घुसमटीचे ‘क्रूप’ या नावाने स्वतंत्र वर्णन केले. पण घशातील पापुद्रा आणि ही घुसमट हे एकाच रोगाचे दोन टप्पे असू शकतात, हे त्यांच्या लक्षात आले नाही. १८०७ मध्ये नेपोलियनचा बालवयीन पुतण्या क्रूपने दगावला, तेव्हा या रोगावरील उत्तम निबंधासाठी फ्रान्समध्ये पारितोषिक जाहीर झाले. निबंध आले, तरी रोगाचे कोडे सुटले नाही.

ते सोडविण्याचे श्रेय फ्रान्समधील तूर येथील प्येअर ब्रेतॉनो (१७७८–१८६२) यांच्याकडे जाते. तूरमध्ये १८१८ च्या सुमारास आलेल्या साथीत त्यांनी अनेक मृतदेहांचे विच्छेदन केले. नाक, घसा, स्वरयंत्र व श्वासनाल यांत आढळणारा कातड्यासारखा चिवट पापुद्रा हीच रोगाची खूण असून रोग एकच आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी १८२६ मध्ये त्याला दिलेल्या नावापासून ‘डिप्थेरिया’ हे नाव रूढ झाले. प्रत्येक रोगाला त्याचे स्वतःचे विशिष्ट कारण असते, हा त्यांचा विचार जंतुशास्त्राच्या उदयापूर्वीचा आहे. १८२५ मध्ये त्यांनी गुदमरणाऱ्या एका मुलीच्या श्वासनालाला बाहेरून छेद देऊन तिचा जीव वाचविला. त्यांचे शिष्य आर्मां त्रूसो (१८०१–६७) यांनी श्वासनालछेदनाची ही शस्त्रक्रिया रूढ केली. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी बहुतेक दगावतच. न्यूयॉर्कचे जोसेफ ओड्वायर (१८४१–९८) यांनी १८८५ च्या सुमारास तोंडावाटे स्वरयंत्रात नळी बसविण्याची पद्धत प्रचारात आणली. या दोन्ही उपायांनी हवेची वाट मोकळी होई. परंतु शरीरात भिनलेल्या विषावर त्यांचा काहीच परिणाम होत नसे.

मराठीत या रोगाला ‘घटसर्प’ हे नाव आहे. गुरांना होणाऱ्या घशाच्या सुजेच्या एका घातक रोगालाही शेतकरी घटसर्पच म्हणतात. परंतु त्याचे जंतू सर्वस्वी वेगळे आहेत. केवळ बाह्य लक्षणांवरून रोगांना नावे देण्याच्या जुन्या रीतीची ही एक बोलकी खूण आहे.

सुस्थितीतील घराण्यांनाही या रोगांपासून संरक्षण नव्हते. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले आर्चिबॉल्ड टेट हे कार्लाइल येथे धर्माधिकारी असताना १८५६ च्या मार्च–एप्रिलमध्ये त्यांच्या पाच मुली लोहितांग ज्वराने एकामागोमाग एक दगावल्या. व्हिक्टोरिया राणीची नात मारी व तिची शुश्रूषा करणारी आई ॲलिस या दोघींचा १८७८ मध्ये एका महिन्याच्या अंतराने घटसर्पाने मृत्यू झाला.

जंतूचा शोध : एडविन क्लेब्स (१८३४–१९१३) यांना १८८३ मध्ये घटसर्पाच्या पापुद्र्यात दंडाकार जंतू दिसले. पुढील वर्षी फ्रीड्रिख लफ्लर (१८५२–१९१५) यांनी ते वेगळे करून वाढविले. आपल्या निष्कर्षाला बाधक ठरणाऱ्या गोष्टीही लफ्लर यांनी प्रामाणिकपणे नोंदविल्या : काही रुग्णांत हे जंतू सापडले नाहीत, तर एका निरोगी मुलाच्या घशात मात्र ते सापडले. प्राण्यांत जंतू टोचल्या जागीच राहतात, पण दूरची इंद्रिये बिघडतात; त्या अर्थी जंतू एखादे विष निर्माण करीत असावेत, असा तर्क त्यांनी केला. पॅरिस येथील पाश्चर संस्थेत एमील रू (१८५३–१९३३) व आलेक्सांद्र येर्सँ (१८६३–१९४३) यांनी १८८८ मध्ये जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही प्राणी मरतात, हे सिद्ध केले आणि तो तर्क खरा ठरला. पापुद्रा निघून गेल्यावरही मूल हृदय बंद पडून अकस्मात का दगावते व काहींना पक्षाघात का होतो, याचा उलगडा त्यामुळे झाला. निरोगी दिसणारे मूल रोगवाहक असू शकते, हेही आता स्पष्ट झाले.

निदान वैद्याच्या डोळ्यावरून प्रयोगशाळेकडे सरकण्याचा हा प्रारंभ होता. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने १८९३ मध्ये घशातील स्रावाच्या परीक्षेची विनामूल्य सोय केली. घटसर्प म्हणून नोंदल्या गेलेल्या पुष्कळ रुग्णांत घटसर्पाचे जंतू नसल्याचे अशा परीक्षांतून दिसून आले.

प्रतिविष : बर्लिन येथे एमील फोन बेरिंग (१८५४–१९१७) व किटासाटो शिबासाबुरो यांनी १८९० मध्ये जंतुविष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात विषाचा परिणाम नाहीसा करणारे द्रव्य, म्हणजे प्रतिविष, तयार होते असे दाखविले. रू यांनी घोड्यांपासून ते मोठ्या प्रमाणावर मिळविले आणि १८९४ मध्ये पॅरिसच्या बालरुग्णालयातील मुलांवर वापरले. तेथील घटसर्पाचे मृत्युप्रमाण पूर्वी सुमारे ५२ टक्के होते, ते २५ टक्क्यांच्या आत आले. त्याच काळात प्रतिविष न वापरणाऱ्या पॅरिसमधील दुसऱ्या एका रुग्णालयात ते ६० टक्के होते. बुडापेस्ट येथील परिषदेत हे आकडे जाहीर झाल्यावर प्रतिविषाचा जगभर स्वीकार झाला. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये बेरिंग यांना याच कार्याबद्दल देण्यात आले.

प्रतिविषाने दोन धडे दिले. पहिला वेळेचा : विष पेशींना चिकटल्यानंतर प्रतिविष निरुपयोगी ठरते, म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता सबळ संशय येताच ते द्यावे लागते. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही हा नियम बदलला नाही, कारण ते जंतू मारते, पण आधी सुटलेले विष निष्प्रभ करीत नाही. दुसरा धडा शुद्धतेचा होता. १९०१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे धनुर्वाताने दूषित झालेल्या घोड्याच्या रक्तरसामुळे १३ मुले दगावली. परिणामी पुढील वर्षी अमेरिकेत अशा औषधांच्या उत्पादनावर सरकारी नियंत्रण आणणारा कायदा झाला. अलास्कातील नोम या बर्फवेढ्या गावात १९२५ च्या हिवाळ्यात घटसर्प पसरला, तेव्हा सुमारे १,०८५ किमी. चे अंतर २० चालकांनी कुत्र्यांच्या घसरगाड्यांतून पाच-सहा दिवसांत तोडून प्रतिविष पोहोचविले.

प्रतिबंध : ग्रस्त मुलावर उपचार करण्यापेक्षा मूल ग्रस्त होऊ न देणे अधिक श्रेयस्कर, हे उघड होते. बेला शिक (१८७७–१९६७) यांनी १९१३ मध्ये कोणते मूल रोगास बळी पडण्याजोगे आहे, हे ठरविणारी त्वचा-कसोटी प्रसिद्ध केली. १९२३ मध्ये गास्ताँ रामाँ (१८८६–१९६३) यांनी फॉर्माल्डिहाइड व उष्णता यांच्या साहाय्याने विषाची मारकता काढून घेऊन रोगप्रतिकारक्षमता निर्माण करण्याची त्याची शक्ती मात्र टिकविली. या ‘विषाभा’पासून आजची लस तयार होते. इंग्लंड व वेल्समध्ये १९४० साली घटसर्पाचे ४६,००० हून अधिक रुग्ण व सुमारे २,५०० मृत्यू नोंदले गेले होते. त्याच सुमारास सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरणानंतर १९५७ मध्ये रुग्णसंख्या पन्नासाच्याही आत आली.

घसा व हृदय : गंभीर घसादुखीचे दुसरे कारण म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस (मालागोलाणू) हे जंतू होत. टेओडोर बिलरोट यांनी १८७४ मध्ये त्यांना हे नाव दिले. १९२० नंतरच्या दशकात जॉर्ज व ग्लॅडिस डिक या दांपत्याने लोहितांग ज्वर या जंतूंच्या विषामुळेच होतो, हे सिद्ध केले. रिबेका लान्सफील्ड (१८९५–१९८१) यांनी १९३३ मध्ये त्यांचे गट पाडले. मानवी घशाला पीडा देणारे जंतू मुख्यतः ‘अ’ गटातील आहेत, असे दिसून आले. १९३१ मध्ये न्यूयॉर्कचे ॲल्व्हिन कोबर्न व लंडनचे विल्यम कॉलिस यांनी स्वतंत्रपणे या घसादुखीचा संधिज्वराशी (ऱ्हुमॅटिक ज्वराशी) संबंध दाखविला.

संधिज्वराचे वैशिष्ट्य असे की, घसा बरा झाल्यावर सर्वसाधारणपणे दोन-तीन आठवड्यांनी तो उद्‌भवतो. जंतूंविरुद्ध निर्माण झालेली प्रतिकारयंत्रणा शरीराच्याच ऊतकांवर उलटते. सांध्यांची सूज ओसरते, पण हृदयाच्या झडपांवरील व्रण कायम राहतात. आईवडिलांच्या विस्मरणात गेलेल्या एका घसादुखीचे मोल मूल पुढे आयुष्यभर मोजते. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील वॉरेन लष्करी तळावर १९४९–५० मध्ये झालेल्या संशोधनाने यावर मार्ग दाखविला. स्ट्रेप्टोकॉकसजन्य घसादुखी झालेल्या ७९८ जवानांना पेनिसिलीन देण्यात आले. त्यांपैकी दोघांना संधिज्वर झाला. औषध न दिलेल्या ८०४ जणांपैकी मात्र १७ जणांना तो झाला. दुखणे सुरू झाल्यानंतर नऊ दिवसांपर्यंत उपचार सुरू केला, तरी हे संरक्षण मिळते, असेही पुढे आढळले. त्यामुळे तपासणीचा निष्कर्ष येईपर्यंत एक-दोन दिवस थांबण्यात धोका नाही, हे व्यवहारात महत्त्वाचे ठरले.

गिलायूंची शस्त्रक्रिया : गिलायू काढून टाकण्याचे वर्णन रोमन ग्रंथकार सेल्सस यांच्या लेखनातही आढळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र ही शस्त्रक्रिया पाश्चात्त्य देशांत जवळजवळ बालपणाचा एक विधीच बनली. न्यूयॉर्क येथील १,००० शाळकरी मुलांच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६११ मुलांचे गिलायू आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले व १७४ मुलांना शस्त्रक्रिया सुचविली. निर्दोष ठरलेल्या २१५ मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविले असता त्यांनी ९९ जणांना ती सुचविली. त्यातूनही उरलेल्या ११६ मुलांची तिसऱ्यांदा तपासणी झाली, तेव्हा आणखी ५१ मुले शस्त्रक्रियेस पात्र ठरली. प्रत्येक वेळी सुमारे निम्मी मुले निवडली गेली, याचा अर्थ निर्णय मुलाच्या घशापेक्षा डॉक्टरांच्या सवयीवर अवलंबून होता. इंग्लंडमध्ये १९३८ मध्ये जे. ॲलिसन ग्लोव्हर यांनीही या शस्त्रक्रियेच्या प्रमाणात जिल्ह्याजिल्ह्यांत आढळणारी, कारण न सापडणारी तफावत निदर्शनास आणली. १९८४ मध्ये पिट्सबर्ग येथील जॅक पॅरडाइझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी, वारंवार व तीव्र घसादुखी होणाऱ्या निवडक मुलांनाच या शस्त्रक्रियेचा लाभ होतो, असे दाखवून दिले.

भारतातील स्थिती : घरगुती उपचारांत मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हळद घातलेले दूध, ज्येष्ठमध इत्यादींचा समावेश होतो. त्यांनी आराम पडतो व सामान्यतः अपायही होत नाही. याउलट पडजीभ ‘पडली’ म्हणून मुलाच्या घशात बोट घालून ती उचलण्याची रीत धोक्याची आहे. तीमुळे इजा व जंतुसंसर्ग होऊ शकतो.

संधिज्वराचे हृदयावरील परिणाम भारतात लहान वयातच तीव्र होतात, याकडे दिल्लीचे हृद्रोगतज्ज्ञ सुजॉय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये लक्ष वेधले. पाश्चात्त्य देशांत प्रौढ वयात आढळणारे द्विदल झडपेचे आकुंचन भारतात विशीच्या आतील मुलामुलींत दिसत होते. दाटीची वस्ती, उपचारास होणारा विलंब आणि पुनःपुन्हा होणारा संसर्ग ही त्यामागील कारणे मानली जातात. ज्यांना संधिज्वर एकदा झाला आहे, त्यांना ठराविक अंतराने बेंझाथीन पेनिसिलीन टोचत राहिल्यास पुढील आघात टळतात.

घटसर्पाची लस १९७८ मध्ये सुरू झालेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या लसींबरोबर ‘त्रिगुणी’ स्वरूपात देण्यात येऊ लागली. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम अमलात आला आणि २०११ पासून टप्प्याटप्प्याने पंचगुणी लस आली. बालकास सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ही लस, १६ ते २४ महिने व ५ ते ६ वर्षे या वयांत त्रिगुणी लसीच्या वर्धक मात्रा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात–घटसर्पाची लस देण्यात येते. वर्धक मात्रा चुकल्यास संरक्षण ओसरते. म्हणूनच अलीकडील साथींत शाळकरी व त्याहून मोठी मुले बरीच आढळली. २०१८ मध्ये भारतात घटसर्पाचे ८,७८८ रुग्ण नोंदले गेले. सोव्हिएट संघाच्या विघटनाच्या काळात लसीकरण विस्कळित झाल्याने १९९० नंतरच्या दशकात तेथे दीड लाखाहून अधिक रुग्ण झाले होते. रोग दुर्मिळ झाला की त्याची ओळखही विसरली जाते. एखादा तरुण डॉक्टर घशातील राखाडी पापुद्रा प्रथमच पाहतो, तेव्हा प्रतिविष मिळविण्यातच मोलाचे तास खर्ची पडतात.

आधुनिक व्यवस्थापन : घसा दुखणाऱ्या मुलाच्या बाबतीत प्रथम श्वास पाहावा. श्वास घेताना आवाज होणे, लाळ गिळता न आल्याने ती गळत राहणे, तोंड उघडता न येणे, मान सुजणे, घशात चिवट पापुद्रा दिसणे किंवा मूल मलूल होणे ही धोक्याची लक्षणे असून अशा मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. त्याचा घसा घरी चमच्याने दाबून पाहू नये. त्यामुळे श्वासमार्ग अकस्मात बंद पडण्याचा संभव असतो.

ही लक्षणे नसल्यास घसादुखी व्हायरसजन्य आहे की स्ट्रेप्टोकॉकसजन्य, हा प्रश्न उरतो. नाक वाहणे, खोकला व आवाज बसणे ही लक्षणे पहिल्या शक्यतेकडे, तर एकाएकी आलेला ताप, गिलायूंवरील पू, मानेतील दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव ही दुसरीकडे बोट दाखवितात. पाच ते पंधरा वर्षे या वयात दुसरी शक्यता अधिक असते. तथापि केवळ पाहून खात्रीचे निदान अनुभवी डॉक्टरांनाही करता येत नाही. त्यासाठी घशातील स्रावाचे संवर्धन किंवा शीघ्र चाचणी करावी लागते. जंतू ठरल्यास पेनिसिलीन किंवा त्याच वर्गातील औषध पूर्ण दहा दिवस द्यावे, अथवा बेंझाथीन पेनिसिलिनाचे एकच अंतःक्षेपण (इंजेक्शन) करावे. ताप उतरला म्हणून दोन-तीन दिवसांत औषध थांबविल्यास जंतू घशात टिकून राहू शकतात.

व्हायरसजन्य घसादुखीवर प्रतिजैव औषधांचा उपयोग होत नाही. त्यांच्या अनाठायी वापराने जुलाब, पुरळ यांसारखे त्रास होतात आणि इतर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. अशा मुलास विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ व वयानुरूप मात्रेत पॅरासिटामॉल पुरेसे असते. ॲस्पिरीन मुलांना देऊ नये. १९६३ मध्ये वर्णन झालेल्या ‘राय लक्षणसमूह’ या यकृत व मेंदूच्या घातक विकाराशी त्याचा संबंध आढळला आहे. एक वर्षाखालील बालकास मध चाटविणेही टाळावे.

श्वासनालछेदन, प्रतिविष, लस व पेनिसिलीन या प्रत्येक साधनाने असंख्य मुले वाचविली. परंतु त्यांतील प्रत्येकाचा लाभ योग्य मुलाला योग्य वेळी निवडण्यावर अवलंबून राहिला. औषधाविना बरे होणाऱ्या मुलाला औषधापासून दूर ठेवणे आणि थांबणे न परवडणाऱ्या मुलाला क्षणाचाही विलंब न करता उपचार मिळवून देणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच तपासणीत पार पाडावी लागतात.